वाशिष्ठीवर हिवाळी गरी: आधी पाणी बघा, मग आमिष लावा

"डिसेंबरात नदी आटलेलीच असते. गोट्यांवरून चालत मधल्या दांड्यावर जा आणि पहाटे सहाला गरी टाका." खडस (महसीर मासा) गरवायला चिपळूणच्या वाशिष्ठी नदीवर निघालात की हा सल्ला हमखास मिळतो, आम्हालाही मिळाला. दांडा म्हणजे पात्राच्या मधोमध उघडा पडलेला गोट्यांचा उंचवटा. शास्त्री-काजळी या नद्यांना तो चालेल. वाशिष्ठीवर तो जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितोय.

कारण कोयनेचे अवजल, म्हणजे वीज काढून झाल्यावर सोडलेले पाणी. पोफळीच्या वीजघरांतून उतरलेले पाणी कोळकेवाडीत साठते, तिथल्या ३२० मेगावॉटच्या तिसऱ्या टप्प्यातून जाते आणि मग वाशिष्ठीत येते. विजेची मागणी वाढली की ते सुटते. पाऊस नाही, ढग नाही, तरी बघता बघता दांड्याच्या दोन्ही बाजूंनी ओढ लागते. गोट्यांवर शेवाळ इतके असते की घोटाभर पाण्यातही पाय टिकत नाही. दांड्यावर जाऊच नका. काठाला आधी ओळखीचा एक गोटा हेरून ठेवा. गोट्यावर पाण्याच्या वर ओला काळपट पट्टा दिसला तर पाणी उतरतेय. सुकी पाने, काड्या आणि फेस वाहत येऊ लागला, कोरड्या गोट्यांना पाणी चाटू लागले, तर चढतेय. सामान उचला आणि वर या. पाणी सोडल्याचा भोंगा वाजेल म्हणून वाट बघू नका.

पहाटे बसण्यातही अर्थ नाही. गारव्यात खडस सुस्त असतो. उन्हाने पाणी जरा तापले की दहा ते चार या वेळात खातो, आणि चढलेले पाणी स्थिरावल्यावरचा तास सर्वांत चांगला. नेमक्या याच उन्हात मगरी रेताड उतारावर पडून असतात. उंच, खडकाळ काठ निवडा, पाण्यापासून चार पावले मागे उभे राहा, आणि मासे काठाला साफ करू नका.

आता आमिष. या ओढीत कच्चा कणकेचा गोळा पाच मिनिटांत विरघळतो, उरलेला बारकी मासळी टोचून संपवते. नाचणीच हवी, आणि ती उकडलेली. नाचणीचे पीठ दोन वाट्या, कणीक अर्धी वाटी, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट पाव वाटी, चिमूटभर हिंग. गरम पाण्याने घट्ट मळा, लिंबाएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात १५ ते २० मिनिटे शिजवा. निवले की पुन्हा मळा, लहान गोळ्या वळा आणि तासभर सावलीत ठेवा म्हणजे वर साल धरते. बादलीत टाकून पाणी ढवळत राहा. २० मिनिटे गोळी टिकली तरच ती नदीवर न्या.

वासासाठी खोबरेल घालायला सगळेच सांगतात. हिवाळ्यात ते चूक. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते. सकाळी बाटलीत पांढरा गठ्ठा दिसतो, तसेच ते गोळीतही होते. वास पसरत नाही, गोळी मेणचट होते आणि फुटते. त्याऐवजी शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल, फक्त एक चमचा. पाकिटातली रंगीत पेस्ट तळ्यातल्या संथ पाण्यासाठी ठीक, इथे पैसे पाण्यात. पाणी गढूळ झाले तर गोळी सोडा आणि गांडुळांचा झुबका लावा.

मासे जमवायला पाण्यात टाकायचा चारा बेताने टाका. दोन मुठी भिजवलेले चणे पुरेत. गारव्यात मासा कमी खातो, जास्त टाकले तर गरीपर्यंत येतच नाही.

तंगूस (गरीचा नायलॉन दोरा) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, गळ १/० मापाचा. शिसे चपटे घ्या, गोल शिसे गोट्यांवरून गडगडत कडेला येते. उतरत्या पाण्याला २० ग्रॅम, चढून स्थिरावलेल्याला ६० ग्रॅमपर्यंत, आणि ते तंगुसावर सरकते ठेवा, नाहीतर वजन जाणवताच मासा गोळी थुंकतो. गळाचे टोक गोळीतून जरासे बाहेर ठेवा. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका, म्हणजे मासा सोडताना त्याचे तोंड फाटत नाही.

चिपळूणजवळच्या खेर्डीच्या वरच्या बाजूला बसा. खाली गोवळकोटकडे भरतीचे पाणी येते, तिथे हे आमिष फुकट. धरणाच्या आणि कालव्याच्या आवारात गरी टाकू नका. महाडजवळच्या वाळण कोंडीत तर विषयच नाही, ते देवीचे मासे आहेत.

खडस मिळाला तर पाण्याबाहेर मिनिटभरही ठेवू नका. काठ उंच म्हणून लांब दांड्याची जाळी न्या. मासा जाळीतच, तोंड प्रवाहाकडे करून धरा, आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत जाळी खाली सोडू नका.