आमची वाटचाल : एकाचे तीन, तिनाचे नऊ

केळीची टिश्यूकल्चर रोपं तयार करून विकणं हा आमचा धंदा. बसतो रावेर तालुक्यात, म्हणजे गिऱ्हाईक दाराशीच. मी गणितात एम.एस्सी., बायको सूक्ष्मजीवशास्त्राची. लॅब तिची, वह्या माझ्या. सुरुवातीला दुसऱ्यांच्या लॅबमधली बाळरोपं आणून शेडनेटमध्ये पिशव्यांत वाढवून द्यायचो. बाटल्या वाफेनं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह आणि गाळलेल्या हवेत कोंब कापायचं लॅमिनार फ्लो टेबल नंतर कर्जावर आले.

कर्ज मागताना बँकेच्या साहेबांपुढे बाटलीतलं गणित मांडलं. निरोगी कंदाचा एक कोंब बाटलीतल्या पोषक माध्यमावर ठेवला की तीन-चार आठवड्यांत त्याचे तीन धरा. ते सुटे करून पुन्हा नव्या बाटल्यांत. एकाचे तीन, तिनाचे नऊ, आठव्या फेरीला ६,५६१. साहेबांनी लगेच विचारलं, "मग दहा-बारा फेऱ्या का नाही घेत?" घेता येत नाहीत. आठाच्या पुढे गेलं की खुजी, वेड्यावाकड्या पानांची झाडं निघायला लागतात, आणि ते कळतं शेतकऱ्याच्या वावरात, आपल्या बाटलीत नाही.

शिवाय बुरशी. दर फेरीला शंभरातल्या दहा बाटल्या गेल्या तर तिनाऐवजी २.७ ने गुणायचं, आणि आठव्या फेरीला हाती येतात २,८२४ कोंब. टाकल्या दहाच टक्के, पण माल निम्म्याहून जास्त गेला! म्हणून कोंब कापणाऱ्या बायकांची मजुरी आमच्याकडे शेडमधल्या मजुरीपेक्षा जास्त आहे. काहींना ती उधळपट्टी वाटते. त्यांनी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन बसावं.

पुढे बुकिंग दरवर्षी जोरात वाढायला लागलं. "भाऊ, असंच चाललं तर पाच वर्षांत अख्खं खान्देश तुमचं," असं लोक म्हणायचे. लोकसंख्या अशी गुणाकारानं वाढते, हे माल्थसनं १७९८ मध्ये मांडलं. १८३८ मध्ये व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितीनं त्या वाढीला कमाल मर्यादा घातली. त्याचं सूत्र सांगतं, की वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो तो कमाल मर्यादेच्या निम्म्यावर. तिथून पुढे वाढ होते, पण दम लागत जातो.

आमची मर्यादा काढणं अवघड नव्हतं. पाच बाय पाच फुटांवर एकरी साधारण १,७४२ रोपं बसतात. पिलबाग ठेवणारा, म्हणजे जुन्या झाडाच्या पिलावरच पुढचं पीक घेणारा, त्या वर्षी रोप घेत नाही. आणि ऊन तापायच्या आत पिकअप जिथवर पोहोचेल, तेवढाच आमचा मुलूख. हे आकडे मांडले आणि बुकिंग ऐन भरात असताना तिसरं शेड बांधायचं थांबवलं. बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव पडला की मात्र बुकिंग थंडावतं. ते व्हेरहुल्स्टच्या बापालाही सांगता आलं नसतं.

केळीवरच्या हरण्या रोगाचंही गणित हेच. काकडीवरचा हा मोझॅक विषाणू मावा पसरवतो. एका रोपावर पिवळ्या रेषा दिसल्या, की ते उपटून नष्ट करायचं. 'आठ दिवस बघू' म्हणणाऱ्याची बाग तोवर गुणाकारात शिरलेली असते. शेडच्या आसपास काकडी, भोपळा, काही लावू देत नाही. शेजारच्या नानांशी यावरून दर पावसाळ्यात वाद होतो. नाना अजून ऐकत नाहीत, पण त्यांची रोपं आमच्याकडूनच जातात.

मृगबागेचं (पावसाळ्याच्या तोंडी होणाऱ्या लागवडीचं) बुकिंग आता जवळपास सारखंच राहतंय, कांदेबागेचं (पावसाळा सरताना होणाऱ्या लागवडीचं) थोडं वाढतंय. म्हणून शहाद्याकडे भाड्याची जागा बघतोय. तिथली मर्यादा वेगळी, वही नवी.