चार्जिंगचं युनिट बिलाच्या कुठल्या स्लॅबात पडतं?

‘किलोमीटरला एक रुपया’ हा इलेक्ट्रिक गाडीचा हिशेब ऐकला की आधी घरातलं महावितरणचं बिल काढून समोर ठेवावं. एक रुपया येतो तो युनिटला सहा-सात रुपये धरून. घरगुती बिलात तो दर पहिल्या १०० युनिटांपुरताच असतो, आणि ते १०० युनिट गाडी दारात यायच्या आधीच फ्रीज, पंखे आणि गीझरनं संपवलेले असतात. गाडीचं युनिट नेहमी वरच्या स्लॅबात पडतं. म्हणून बिलाची सरासरी काढू नका, शेवटच्या युनिटाचा दर बघा. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवायला विसरू नका.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोज ये-जा असेल तर महिन्याला १,२०० किलोमीटर सहज होतात. पेट्रोलचं ॲव्हरेज १४ आणि लिटरला १०५ रुपये धरले तर ८६ लिटर, म्हणजे ९,०३० रुपये, किलोमीटरला साडेसात. नेक्सॉनच्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी युनिटला ७ किलोमीटर देते असं धरू. बॅटरीतून १७१ युनिट जातात, पण मीटरवर १९५च्या आसपास पडतात. मधले युनिट चार्जरच्या उष्णतेत आणि चार्जिंग चालू असताना जागं राहणाऱ्या यंत्रणेत जातात. स्क्रीनवरचा आकडा हे दाखवत नाही, त्यामुळे चार्जिंगच्या लाइनवर एक छोटा सबमीटर बसवून घ्यावा.

घरचा वापर १४० युनिट असेल तर गाडीचे १६० युनिट १०१ ते ३०० च्या स्लॅबात बसतात आणि ३५ त्याच्या वर जातात. सगळं धरून अनुक्रमे १३ आणि १७ रुपये लावले तर २,६७५ रुपये होतात, किलोमीटरला सव्वादोन. एसीवाल्या घरात आधीच ३०० युनिट जळत असतील तर तेच चार्जिंग ३,३१५ रुपयांना पडतं. एक रुपया नाहीच. तरीही पेट्रोलच्या निम्म्याहून बरंच कमी. दरपत्रक बदलत राहतं, तेव्हा आकडे स्वतःच्या ताज्या बिलातले घाला.

छतावर ३ किलोवॅटचं सोलर असेल तर गणितच बदलतं. किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर महिन्याला ३६०. वरच्या उदाहरणातलं घर आणि गाडी दोन्ही त्यात भागतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज महावितरणला देऊन बिलातून वळती करून घेण्याच्या सोयीत, उन्हाळ्यातले युनिट पुढं ओढता येतात. फक्त उरलेल्या युनिटांचा हिशेब मार्चअखेर मिटतो, हे लक्षात असू द्या.

पेट्रोलच्या बाजूलाही एक जुना आकडा चिकटून बसलाय: ॲव्हरेज. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीचं ॲव्हरेज आज धरणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. (ऊस आपला, कारखाना आपला, आणि फटकाही आपल्यालाच!) टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, निदान तीनदा मोजा.

आता वायरिंग. इथं पैसे वाचवायला गेलं की हमखास फसतं. १५ अँपिअरचा पोर्टेबल चार्जर आठ-दहा तास सलग ३ किलोवॅटच्या आसपास ओढतो. गीझर वीस मिनिटांत बंद होतो म्हणून त्याचं सॉकेट टिकतं. तेच सॉकेट गाडीला लावलं की पिना तापतात आणि प्लास्टिक पिवळं पडतं. मीटरपासून ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट, एवढं वायरमनकडून करून घ्या. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवणार असाल तर वायर निदान ६ चौरस मिमी लागते आणि मंजूर भारही वाढवून घ्यावा लागतो.

तरी चार्जिंग मध्येच तुटत असेल तर संशय आधी अर्थिंगवर घ्यावा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावा, लोड चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर चार्जर रुसणारच. जुन्या घरांत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. तिथं दोन बादल्या पाणी ओतून चार्जिंग सुरू झालं, तर दोष गाडीत नाही, खड्ड्यात आहे. पाणी ही तपासणी झाली, दुरुस्ती नव्हे. खड्डा नव्यानं भरून घ्या.

हायवेवर फरक आटतो. ताशी १०० नं युनिटला साडेपाच किलोमीटर मिळतात आणि फास्ट चार्जरचं युनिट जीएसटीसकट २४ रुपये धरलं तर किलोमीटरला ४ रुपये ३६ पैसे. तीच पेट्रोल गाडी पुण्याच्या रस्त्यावर १७ चं ॲव्हरेज देऊन ६ रुपये १८ पैशांत जाते. त्यामुळे घरून फुल करून निघावं आणि वाटेत लागेल तेवढंच भरावं.

घाटाचा हिशेब निराळा. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा साधारण ४०० मीटर उंच आहे. दीड टनाच्या गाडीला तेवढं चढायला सपाटीपेक्षा दोनेक युनिट जास्त लागतात आणि उतरताना त्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पण गडावरच मुक्कामी १०० टक्के चार्ज करून निघालात तर यातलं काही मिळत नाही. भरलेल्या बॅटरीत जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गडावर ९० टक्क्यांवर थांबवा.

सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग वाचतात आणि ब्रेक पॅड कितीतरी जास्त चालतात. टायर मात्र वजनामुळे आणि पिकअपमुळे लवकर झिजतात. १२ व्होल्टची छोटी बॅटरी इलेक्ट्रिक गाडीतही असते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

विम्यात एक गंमत आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या थर्ड पार्टीच्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या पेट्रोल गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, तर ६५ किलोवॅटच्या वरची मोटर असलेल्या इलेक्ट्रिकला ६,७१२. यात इलेक्ट्रिकची सवलत धरलेली आहे बरं का! नेक्सॉन इलेक्ट्रिक या वरच्या गटात जाते. टियागो इलेक्ट्रिक ३० ते ६५ च्या गटात, तिला २,९०४.

आणि पॉलिसी घेताना बॅटरी पाण्यात बुडाल्याचं संरक्षण वेगळं विचारून घ्या. बॅटरी पाण्यात किती टिकते ते सांगणारं आयपी ६७ हे मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी दिवसचे दिवस उतरत नव्हतं. पूररेषेतल्या तळमजल्यावर गाडी लावत असाल तर पाणी चढायला लागताच चार्जिंगचा एमसीबी खाली करा आणि गाडी उंचावर नेऊन लावा. बुडालेली इलेक्ट्रिक गाडी पाणी ओसरल्यावर सुरू करून बघायची नाही, चार्जिंगलाही लावायची नाही. थेट टोइंगच्या गाडीवर चढवायची.