आमची वाटचाल : भिंतीवरचा एक खिळा

नारायण पेठेतल्या एका वाड्यात आमची, जाहिरातीच्या कामाची, पहिली खोली होती. 1990 साल. अभिनव कला महाविद्यालयातून कमर्शियल आर्ट करून बाहेर पडलेल्या आम्ही दोघी, एक ड्रॉइंग बोर्ड, एक टी-स्क्वेअर आणि मालकांनी भाडं ठरवतानाच घातलेली अट : भिंतीला खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर आम्ही दाराच्या कडीला अडकवायचो.

मी मजकूर लिहायचे, ती अक्षरं काढायची. मराठी मथळा तेव्हा हातानंच व्हायचा. आधी बटर पेपरवर पेन्सिलीनं, मग सपाट ब्रश, मग कडा रॉट्रिंगनं, म्हणजे बारीक टोकाच्या शाईच्या पेननं. 0.2चं रॉट्रिंग दोन दिवस धुतलं नाही की तुंबायचं. ती ते कानाशी धरून हलवायची आणि आतला खुळखुळा ऐकू आला की खूश व्हायची. बारीक मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर छापून यायचा. त्यात वेलांटी चुकली तर नवं ब्रोमाइड काढायला पैसे कुठले? दुसरीकडची वेलांटी ब्लेडनं कापून रबर सोल्यूशननं चिकटवायची. पुढे कॉम्प्युटरवर पानं लावायचं पेजमेकर आलं, पुण्यातच तयार झालेलं मराठी अक्षरांचं श्री-लिपी आलं, ब्लेड ड्रॉवरमध्ये गेलं. पण एकेक वेलांटी चिमट्यात धरून लावलेल्या माणसाला फालतू शब्द लिहवत नाही, हे मी आजही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते.

आमचं पहिलं टिकलेलं गिऱ्हाईक म्हणजे रविवार पेठेतले छत्रीवाले काका. जून तोंडावर आलेला, वर्तमानपत्रात एक कॉलम, आठ सेंटिमीटरची जागा, आणि काकांना हवं होतं ‘भव्य सेल’. मी एक दुपार त्यांच्या गल्ल्याशेजारी बसून काढली. आलेली निम्मी माणसं नवी छत्री घ्यायला नव्हे, जुनीची काडी बदलायला आली होती. काका एकालाही ‘नवी घ्या’ म्हणाले नाहीत. रात्री मी लिहिलं : ‘गेल्या वर्षीची छत्री उघडून बघा. चांगली असेल तर आमच्याकडे येऊ नका.’ काकांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “अगं, हे तर मी रोज बोलतो.” त्या जूनमध्ये लोक कात्रण घेऊन दुकानात आले. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी छत्रीही घेतली.

मधली दहा-बारा वर्षं बरी गेली. दिवाळी अंकांतल्या जाहिराती, शाळांची माहितीपत्रकं, मसालेवाल्यांची पाकिटं.

मग 2003. एका बांधकाम व्यावसायिकानं पिचला, म्हणजे काम मिळवण्याआधी कल्पना दाखवायला, बोलावलं. तेव्हा घरांच्या सगळ्या जाहिराती सारख्याच : पोहण्याचा तलाव आणि हसणारं गोरं जोडपं. आम्ही काय दाखवावं यावर आठ दिवस डोकं खाजवलं, आणि नवव्या दिवशी मला वाड्याच्या मालकांची अट आठवली. पूर्ण पान. पांढरी भिंत. मधोमध एकच खिळा, त्याची बारीक सावली. खाली ओळ : ‘आता कुणाला विचारायला नको.’ भाड्यानं राहिलेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

मीटिंगमध्ये प्रश्न आला, “एवढी जागा मोकळी? तिचेही पैसे पडतात ना?” मी त्यांना फोक्सवॅगनचं उदाहरण दिलं. 1959 साली न्यूयॉर्कच्या डॉइल डेन बर्नबाख एजन्सीनं जवळजवळ रिकाम्या पानाच्या कोपऱ्यात ती चिमुकली गाडी ठेवली, आणि गाडी लहान असणं हेच तिचं कौतुक झालं. मोकळ्या जागेचे पैसे वाया जात नाहीत, नजर कुठे जावी ते त्या जागेनं ठरतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. “काम तुमचंच समजा, लेआउट ठेवून जा.” आम्ही ठेवले. त्या शब्दावर दोन माणसं नेमली, रंगीत प्रिंटरसाठी कर्ज काढलं.

सात महिन्यांनी नळ स्टॉपच्या सिग्नलला मान वर केली तर होर्डिंगवर आमची भिंत. आमचा खिळा, आमची ओळ, शब्दाला शब्द. फक्त खिळ्याला सोनेरी चौकट टांगलेली, तिच्यात तेच गोरं जोडपं. काम मुंबईच्या एका मोठ्या एजन्सीनं केलं होतं. चोरीचा राग आलाच, पण चोरून नासवल्याचा जास्त आला. फोन केला तर उत्तर मिळालं, “एकच कल्पना दोघांना सुचू शकते.” वकिलांनी 1957चा कॉपीराइट कायदा समजावला : संरक्षण मांडणीला मिळतं, नुसत्या कल्पनेला नाही, आणि चार शब्दांच्या ओळीवर कोर्टात उभं राहणं अवघड. त्या सिग्नलवरून जाताना मी आजही वर बघत नाही.

हप्ते थकले, दोन पगार थकले. माझी भागीदार म्हणाली, बंद करू. मीही हो म्हटलं. हे काकांच्या कानावर गेलं आणि ते जिना चढून वर आले. पुढच्या दोन पावसाळ्यांच्या जाहिराती, पिशव्या, बिलबुकं, सगळ्याचा एकत्र चेक टेबलावर ठेवला. “पाऊस पुढच्या वर्षीही पडणार आहे. तू नसलीस तर मी भव्य सेल लिहीन.”

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांनी एवढं करावं : लेआउट मागे ठेवू नये, जे दाखवलं ते त्याच रात्री मेलनं पाठवून तारीख पक्की करावी, आणि पिचचे पैसे मागावेत, थोडे का होईना. आणि कल्पनेसाठी आधी स्क्रीन उघडू नये. आता कॉम्प्युटरला सांगितलं की मिनिटात वीस चित्रं समोर येतात, आमच्याकडची मुलंही ती काढतात. मी त्यांना विचारते, गिऱ्हाइकाच्या दुकानात किती वेळ बसलात? मालकांची अट ऐकून घेतलेल्या माणसालाच तो खिळा दिसला होता.

काका आता थकलेत, दुकान सून बघते. तिला जाहिरात मोबाइलवर हवी आहे, आठ सेकंदांची. आठ सेंटिमीटर काय आणि आठ सेकंद काय, मला चालतं. गुरुवारी चार वाजता तिच्या गल्ल्याशेजारी बसायला जाणार आहे.