पाय धरले

वारीत जेजुरीला भंडाऱ्यानं पिवळे झालो, वाल्ह्याला पाऊस पालात शिरला, नीरेचं पादुकांचं स्नान गर्दीच्या पाठीमागून नुसतं ऐकलं. त्या दिवसांतलं याहून जास्त मला सांगता येत नाही, कारण ते सगळे दिवस मी एका माणसावर चिडलेली होते.

त्याचं असं झालं. एकादशी, दिवे घाट, पोटात मूठभर साबुदाणा आणि दोन केळी. सासवडला पोचेपर्यंत अंधार पडला. टँकरपाशी रांग अशी नव्हतीच, नुसते कॅन आणि कळश्या एकमेकांना भिडलेल्या. आमच्या दिंडीतल्या आक्का सत्तरीच्या पुढच्या. त्या कळशी घेऊन जरा पुढं सरकल्या, तर पिवळं उपरणं घेतलेल्या एका धिप्पाड गृहस्थानं ती कळशी बाजूला सारली. हातानं नव्हे, पायानं. मी म्हटलं, "माऊली, वयस्कर बाई आहेत, जरा घेऊ द्या."

"झेपत नाही तर येता कशाला वारीला? घरी बसून हरिपाठ म्हणा की."

आणि पुढच्याला "सरका माऊली, सरका माऊली" करत त्यानं आपले दोन कॅन भरून घेतले.

आक्का काही बोलल्या नाहीत. पाणी मिळालं, घोटभर प्यायल्या, तुळशीला ओंजळभर घातलं आणि झोपल्या. मी रात्रभर त्या माणसाला उत्तरं देत पडले. एकेक उत्तर असं सुचलं म्हणता, की सकाळी लिहून ठेवावंसं वाटलं.

मग सुरूच झालं. वाळवंटातल्या खेळाचा अभंग आला की राग-अभिमान पायाखाली घातल्याचं आम्ही सगळे मोकळ्या गळ्यानं गायचो, मी फुगडीसुद्धा घालायचे, आणि गिरकी घेता घेता कुठं पिवळं उपरणं दिसतंय का बघायचे. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माऊलींचा अश्व धावला. अश्वाच्या टापेखालची माती कपाळाला लावली, त्या एका क्षणात डोळे भरून आले ते खरंच. दुसऱ्या क्षणाला समोरच्या रांगेत त्याला शोधत होते.

बरड ते नातेपुते या वाटचालीला माझ्या डाव्या टाचेनं मान टाकली. आदल्या रात्री फोडात सुई-दोरा ओवून घेतला होता. दोरा आत तसाच ठेवायचा म्हणजे पाणी निथळतं, असं जुने वारकरी सांगतात. डॉक्टर ऐकले तर ओरडतील. पाणी निथळलं, पण दुपारी टाच पेटली. धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरलो तेव्हाच दिंडी पुढं गेली होती. आक्का त्या वयात पुढं, आणि मी चपलेची मागची पट्टी दुमडून, पाय तिरका टाकत, कुठल्या कुठल्या अनोळखी दिंड्यांच्या मधून. पालखी महामार्ग ऐसपैस झाला खरा, पण पूर्वी ज्या झाडांखाली बूड टेकता यायचं ती झाडं आता नाहीत. ढगाचा पत्ता नाही. आषाढ म्हणायचा आणि डांबर तव्यासारखं. शेजारच्या दिंडीतला पखवाजवाला दर चार पावलांनी तोच ठेका चुकवत होता. त्याचाही राग आला.

तिथं एका मोरीच्या कठड्याला टेकून तो बसला होता. उपरण्याचा बोळा मांडीवर, उजवा पाय ताठ, तोंड वाकडं. चालणारे "माऊली, सावलीत बसा" म्हणून पुढं जात होते. सावली कुठं होती?

माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की बरं झालं. दुसरं आलं, एवढा समाज चालतोय, कुणीतरी बघेल. मी पुढं गेले. किलोमीटरच्या दगडापर्यंत गेले.

परत का फिरले ते सांगते, आणि यात पुण्य शोधू नका. मला तो प्रसंग हवा होता. त्यानं मला ओळखावं, खजील व्हावं, आणि मग मी मोठ्या मनानं पाणी पुढं करावं, असा सगळा नाटकाचा प्रवेश मनात बसवूनच मी उलटी वळले. वारीत उलटं चालणं म्हणजे काय ते चालून बघा. "ओ माऊली, पंढरपूर तिकडं आहे," असं निदान दहा जणांनी सांगितलं.

फलटणला मिळालेलं ओआरएसचं शेवटचं पाकीट माझ्या स्टीलच्या बाटलीत कालवून त्याला दिलं. त्यानं माझ्याकडं न बघता अर्धी बाटली रिकामी केली. पोटरीत लिंबाएवढा गोळा वर आलेला दिसत होता. म्हटलं, "अंगठा धरून पाऊल अंगाकडं ओढा." त्यानं वाकायचा प्रयत्न केला, पोट आड आलं. आजूबाजूला थांबलेलं कुणी नव्हतं.

आळंदीपासून मी रोज शेकडो लोकांच्या पाया पडत होते. पोरासोरांच्या, पोलिसांच्या, चहा वाटणाऱ्यांच्या. हात टेकवायचा, कपाळाला लावायचा, पुढं. ते सोपं असतं, त्याला चेहरा लागत नाही. हा पाय मात्र जड होता, घामट होता, नखांत चिखल होता, आणि मला पक्कं ठाऊक होतं की ह्याच पायानं कळशी सारली होती. मी गुडघे टेकले, एका हातानं टाच धरली आणि दुसऱ्यानं पाऊल रेटलं.

"हळू! माणसाचा पाय आहे."

"घट्ट धरल्याशिवाय गोळा सुटत नाही."

"ते कळतंय हो मला."

आईशप्पथ, तिथंच सोडून द्यावा असं वाटलं. एक पोरगा धावत आला, माझ्या पाया पडला, त्याच्या पाया पडला, मदत न करता निघून गेला. हळूहळू हाताखालचा दगड मऊ पडला. तेव्हा मी बोलले.

"आपण सासवडला भेटलोय. टँकरपाशी."

"असेल."

"आमच्या आक्कांची कळशी तुम्ही पायानं सारलीत."

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. आठवून बघतोय असं वाटलं. मग म्हणाला, "टँकरपाशी रोजच होतंय की. तुम्ही कुठं लक्षात ठेवता?" त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. माझ्या उत्तरांपैकी एकही त्या प्रश्नाला बसेना.

तो उठला, दोन पावलं टाकून बघितली, "लांब गेली आमची दिंडी" म्हणाला आणि लंगडत निघाला. मी टाचेचा दोरा सारखा करत बसले. तो दिसेनासा झाल्यावर लक्षात आलं की बाटली त्याच्याकडंच राहिली. लेकीनं दिलेली, तळाला माझं नाव कोरलेलं.

नातेपुत्याच्या तळावर आक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी टाच मांडीवर घेतली होती. "कळशी माझी, अन् राग तू वागवत आणलास व्हय इथपत्तुर?" एवढंच म्हणाल्या आणि तेल जरा जास्तच चोळलं.

समाजआरतीला चोपदारांनी दंड उंच केला, "हो ऽऽ" झालं, आणि हजारो टाळ एकदम थांबले. तक्रार असेल त्या दिंडीनं तेवढे वाजवत राहायचे, असा रिवाज. ती शांतता दरवर्षी नव्यानं अंगावर येते. तेवढ्यात आक्का कानाशी लागल्या, "तू वाजीव की टाळ. चोपदार इचारतील काय तक्रार, मग सांग, बाटली गेली."

मी हसू दाबत होते, तर लांब एका दिंडीचे टाळ खरंच वाजत राहिले. चोपदार तिकडं गेले, विचारपूस झाली. तक्रार पाण्याच्या टँकरची होती.