तुम्ही विचारलंत म्हणून : लिनक्स उद्या कुणी विकत घेतलं तर?

मी लिनक्स वापरतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. विंडोजसारखीच संगणक चालवणारी, पण आज फुकट मिळणारी ही ऑपरेटिंग सिस्टिम उद्या एखाद्या बड्या कंपनीने विकत घेऊन कुलूपबंद केली, तर तुम्ही काय करणार?

तसं करता येणार नाही. ते अडतं एका कायदेशीर अटीमुळे, आणि सुरुवातीला ती अट लिनक्सला नव्हतीच.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने इंटरनेटवर कळवलं की इंटेलच्या ३८६ चिपवर चालणाऱ्या संगणकासाठी तो हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पहिल्या आवृत्तीत जेमतेम १०,००० ओळी होत्या. त्याची अट होती : कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांना खुला ठेवा, पण वाटताना पैसे घेऊ नका. हेतू चांगला, पण त्यानेच प्रसार अडत होता. इंटरनेट तेव्हा मोजक्यांकडे. बाकीच्यांना फ्लॉपी पाठवायची, तर तिचा खर्चही मागायची सोय नव्हती.

१९९२ च्या सुरुवातीला त्याने ती अट काढून जीपीएल हे लायसन्स लावलं. मला विचाराल तर १९९१ च्या घोषणेपेक्षा हा निर्णय मोठा.

जीपीएल मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमन यांचं. १९८३ मध्येच त्यांनी ग्नू ही संपूर्ण मुक्त, म्हणजे कुणीही वापरावी नि बदलावी अशी, सिस्टिम उभारायची घोषणा केली होती. कंपायलर (कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवणारा), एडिटर, शेल (टाइप केलेल्या आज्ञा घेणारा) तयार होते. अडलं होतं ते कर्नलपाशी, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या सिस्टिमच्या गाभ्यापाशी. टोरवाल्ड्सने लिहिला तो नेमका हाच भाग, आणि त्याचा कर्नल तर ग्नूच्याच जीसीसी कंपायलरने तयार व्हायचा. ग्नूला वगळून कुणी ही गोष्ट सांगितली की मला खटकतं.

जीपीएल म्हणतं : विका, बदला, पण बदललेला प्रोग्राम ज्याला द्याल त्याला कोडही याच अटींवर द्या. शिवाय टोरवाल्ड्सने कुणाकडूनही हक्क लिहून घेतले नाहीत. ज्याने ओळी लिहिल्या, कॉपीराइट त्याचा किंवा त्याच्या कंपनीचा. ते हक्क आज हजारो जणांत विखुरलेत. लायसन्स बदलायचं तर त्या सगळ्यांची संमती हवी, आणि त्यातले काही आता हयातही नाहीत. म्हणूनच कर्नलचं बरंचसं काम आज कंपन्यांचे पगारी इंजिनियर करत असले, तरी तो कुणा एका कंपनीचा झाला नाही. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवरच चालतो.

मला काळजी वाटते ती वेगळीच. अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल आहे. फोन बनवणाऱ्या कंपनीला तुम्हाला त्याचा कोड द्यावाच लागतो, पण तुम्ही बदललेला कर्नल त्या फोनवर चालू द्यायचा की नाही, हे ती कंपनीच ठरवते. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कर्नल चालू करणारा प्रोग्राम, लॉक केला की संपलं. २००७ च्या तिसऱ्या जीपीएलने ही पळवाट बुजवली, पण कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, कारण टोरवाल्ड्सना हे बंधन मान्य नव्हतं. मला त्यांचं हे म्हणणं पटत नाही. ज्याने पैसे मोजून फोन घेतला, त्याला त्यात स्वतः तयार केलेला कर्नल टाकता आलाच पाहिजे.