साठावी टाचणी

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही चौघी मिळून वाकळा, गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवतो. संध्याकाळी बायका पिशव्या आवरत असतात तेव्हा मी डबा उघडून टाचण्या मोजते. डब्यात ६० असतात. आषाढातल्या त्या दिवशी ५९ भरल्या. परत मोजल्या, ५९च. आक्का चप्पल पायात सरकवत म्हणाल्या, "वैनी, एकच हाय न्हवं? केरात गेली आसंल."

केरात गेली असती तर देव पावला म्हटलं असतं. चटई उलटी केली, मशीनचा ड्रॉवर उपसला, कात्रणांचं पोतं जमिनीवर पालथं केलं. टाचणी पदरात खोचायची खोड माझी काही केल्या जात नाही, म्हणून पदरही चाचपला. एरवी एकेक नग उतरला की मी तिथल्या तिथं मोजते. त्या दिवशी तीन नग एकदम उतरले होते. दोन गोधड्या समोर घडी करून ठेवलेल्या होत्या. तिसरं दुपटं सकाळी अकराला कसबा बावड्याला गेलं, कारण न्यायला आलेला पोरगा दारात गाडी चालू ठेवून उभा होता. त्या घाईत मी मोजलं नाही. दुपारी त्यांच्याकडं बारसं होतं.

असल्या वेळेसाठी माझ्याकडं चुंबक आहे. शेजारचा मुलगा उद्यमनगरात कामाला जातो, त्यानं जुन्या स्पीकरमधलं काढून दिलेलं, भाकरीच्या गोळ्याएवढं. ते मी दोन्ही गोधड्यांवरून ओळी धरून फिरवलं. एकदा उभं, एकदा आडवं. काही नाही. म्हटलं, चला, निदान या दोन तरी सुटल्या. आणि चुंबक परत ठेवताना डब्याकडं लक्ष गेलं. टाचण्या पिवळ्या होत्या. पितळेच्या! पितळ चुंबकाला कधी चिकटलंय? अर्धा तास मी नुसती आरती ओवाळत होते.

आता या पितळी टाचण्या माझ्याकडं आल्या कशा, ते सांगायलाच पाहिजे, कारण सगळं रामायण तिथंच आहे. आधीच्या पावसाळ्यात एका गोधडीत लोखंडी टाचणी राहिली होती. गिऱ्हाईक पुण्याचं, न्यायला महिनाभर उशीर झाला, आणि कोल्हापूरच्या पावसात महिनाभर घडीत पडलेल्या कापडाला काय ओल धरते ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. घडी उलगडली तर पांढऱ्या चौकटीवर बरोबर टाचणीच्या लांबीची तांबडी रेघ. टाचणी निघाली, रेघ राहिली. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं की गंज फिका पडतो, पण श्रावणात ऊन आणायचं कुठनं? एकीनं तोवर ब्लीच लावून टाकलं. गंजाच्या डागाला ब्लीच म्हणजे आगीत तेल, डाग आणखी पक्का होतो. शेवटी ती चौकट उसवून नवीन तुकडा घातला. त्यानंतर मी शपथ घेतल्यासारखी बाजारात गेले आणि "गंज धरणार नाही अशी द्या" म्हणून पितळी टाचण्या घेऊन आले. दोन पैसे जास्त मोजून. डोकं चपटं, कापडात बसली की दिसतसुद्धा नाही, म्हणून तर मला त्या फार नाजूक आणि छान वाटल्या होत्या. आणि चुंबक मात्र तेच जुनं, आपलं आहे हाताशी म्हणून निवांत.

बावड्याला फोन लावायला हात उचलेना. शिवणकामातली बाई स्वतःच्या तोंडानं कसं सांगणार की माझी टाचणी तुमच्या बाळाच्या दुपट्यात असू शकते? तीन वेळा नंबर काढला, तीन वेळा ठेवला. चौथ्यांदा लावला आणि एका दमात बोलून टाकलं. पलीकडं एक क्षण काहीच आवाज नाही, मागं नुसता बायकांचा गलका. मग ताई म्हणाल्या, "अहो, बाळ त्याच्यातच झोपलंय की."

"आधी उचला त्याला, ताई. दुपटं बाजूला ठेवा, झटकू नका. मी येते."

रेनकोट चढवला आणि गाडी काढली. दसरा चौकात पाणी साचलेलं, कलेक्टर ऑफिसच्या पुढं गेल्यावर तर समोरचं काही दिसेना. आक्का मागं बसल्या होत्या. सबंध वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, आणि आक्कांच्या बाबतीत हे फारच झालं.

बाळ आत्याच्या मांडीवर हातपाय झाडत मजेत होतं. कुठं खरचटलं नव्हतं, रडलंही नव्हतं. ताईंनी अंगावरची बाळुती काढून पाठ, मांड्या सगळं मला दाखवलं. मला आधी ते बघायचं होतं. दुपट्याकडं मी नंतर वळले.

दुपटं होतं बाळाच्या पणजीच्या इरकली लुगड्याचं. वर-खाली लुगडं, आत जुन्या धोतराचे दोन थर, धुऊन धुऊन साईसारखे झालेले. असले मऊ थर एकमेकांवर घसरतात. म्हणून आतले थर आधी टाचून घ्यायचे, मग आतल्या टाचण्या काढून वरचा थर घालायचा आणि पुन्हा वरून टाचायचं. वरच्या टाचण्या धावदोरा पुढं सरकेल तशा काढत जातो, त्या विसरत नाहीत, कारण सुई त्यांच्यावरच अडते. घात करते ती आतली, वरच्या थराखाली दडलेली.

आक्का आणि मी दोन बाजूंनी बसलो. दोन्ही तळव्यांमध्ये कापड दाबत, बोटभर पुढं सरकत सगळं चाचपलं. मग बारीक चुण्या घालून वाकवून बघितलं, कारण टाचणी असेल तिथं कापड वळायला कुरकुर करतं. ट्यूबलाइटसमोर धरलं, पण गडद हिरव्या इरकलीतून उजेड काय जाणार? काही सापडेना. ताईंचे सासरे म्हणाले, "नसंलच मग." ते ऐकायला फार गोड वाटलं, म्हणूनच मला त्यावर विश्वास ठेवता येईना.

पाहुण्यांत एक मावसा होते, सिक्युरिटीच्या नोकरीत. घुटका घेऊन चहाची कपबशी खाली ठेवत ते म्हणाले, "आमचा दांडका चालंल का?" लोकांच्या अंगावरून फिरवतात तो मेटल डिटेक्टर. त्याला पितळ काय आणि लोखंड काय, धातू म्हणजे धातू. ड्युटीवरनं थेट बारशाला आल्यामुळं तो त्यांच्या गाडीच्या डिकीतच होता.

आधी जी करमणूक झाली ती काय सांगू! दुपटं पलंगावर पसरलं, दांडका अखंड केकाटतोय. पलंग लोखंडी. जमिनीवर घेतलं तर माझ्या बांगड्यांना वाजला, मग ताईंच्या जोडव्यांना. शेवटी धातू नसलेली माणसं शोधली, दोन पोरगी सापडली. त्यांनी चार कोपरे धरून दुपटं झोळीसारखं हवेत ताणलं आणि मावसांनी खालून दांडका अगदी कापडाला टेकवून फिरवायला सुरुवात केली. घर चिडीचूप. एवढ्याशा टाचणीला तो लांबून ओळखत नाही, म्हणून सावकाश. दोन ओळी झाल्या, तिसरी झाली. चौथ्या ओळीत मधोमध बारीकसं "पिक" झालं.

तिथं खडूनं खूण केली. नखानं दाबलं तेव्हा कुठं लागली. धावदोऱ्याच्या ओळीला समांतर, बरोबर टाक्यांच्या खाली पडलेली, दोन्हीकडून टाक्यांनी आवळलेली. म्हणून ती हलली नव्हती, आणि आम्हाला बोटांना ती नुसती टाक्यांची कड वाटत होती. टोक विणीतून बाहेर काढलं, पण चपटं डोकं अडलं. ओढलं असतं तर लुगडं फाटलं असतं. मग लहान कात्रीनं सात टाके उसवले, डोकं आल्या वाटेनं मागं सरकवलं आणि साठावी टाचणी तळहातावर घेतली. तळव्याला घाम आलेला, त्याला चिकटून राहिली.

पणजीबाई कोपऱ्यातनं सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या वक्ताला कुठल्या टाचण्या? चार कोपऱ्याला चार धोंडं ठेवायचं, कडंनं दोरा घालत मदी यायचं. धोंडा काय वाकळंत ऱ्हातोय व्हय?"

यावर काय बोलणार. सात टाके तिथंच बसून परत घातले. ताईंनी चहा दिला, रागावल्या नाहीत, ठरलेले पैसेही कापले नाहीत. पण पुढच्या दोन महिन्यांत त्या गल्लीतनं येणार होत्या अशा दोन ऑर्डरी आल्या नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पितळी टाचण्या आता माझा नवरा कॅलेंडरला आणि लाइटबिलांना वापरतो. कामाला परत लोखंडी आणल्या, मोठ्या लाल मण्याच्या. मणी काचेचाच घ्यायचा, प्लास्टिकचा इस्त्रीखाली वितळतो. त्या गंजतात, हो, गंजू देत. गंजलेली चुंबकाला तरी चिकटते, आणि डाग हा गिऱ्हाइकाशी भांडण होण्याइतपतच प्रश्न आहे. दुपट्याच्या आतल्या थरांना तर टाचणीच लावत नाही. कच्चा टाका घालतो, रंगीत दोऱ्यानं. तासभर जास्त जातो आणि आक्का कुरकुरतात. दारात गाडी चालू ठेवून कोण उभं असेल तर त्याला आधी गाडी बंद करायला सांगते.

दिवाळीच्या आधी ते मावसा आले. त्यांना त्यांच्या आईच्या दोन लुगड्यांची वाकळ करून हवी होती. पंधरा दिवसांनी तयार झाल्याचा फोन केला, तर न्यायला आले ते ड्युटीचा दांडका घेऊनच. मी बांगड्या काढून एक बाजू धरली.