वरचा पोचा

पाइपला खालून पडलेला पोचा बहुतेक दगडाचा असतो. दगड तिथेच टेकलेला राहतो, म्हणून पत्र्याला हलायला जागा नसते. वरचा पोचा बहुधा कुणाच्या तरी एक्स्कॅव्हेटरचा. त्याला धरून ठेवणारं काहीच नाही. गॅसचा दाब चढला की तो फुगतो, उतरला की बसतो. तार वाकवून वाकवून तुटते, तसा एक दिवस तिथे तडा जातो.

तो तडा कधी जाईल, ह्यूस्टनमध्ये मी हाच हिशोब करतो. ऑगस्ट २०२४मध्ये माझ्याकडे ३० इंची लाइनवरचा, दाट वस्तीजवळचा, असाच एक वरचा पोचा होता. खोली व्यासाच्या ६ टक्क्यांहून जास्त, म्हणजे १.८ इंचांच्या वर. असा पोचा वर्षभरात खणून दुरुस्त करायचा, नाहीतर थांबणं सुरक्षित आहे हे गणिताने सिद्ध करायचं. पिग, म्हणजे पाइपच्या आतून गॅसच्याच जोरावर पळणारं मोजणीयंत्र, २०२३मध्ये गेला होता. त्याची मापं आणि दाबाच्या चढउतारांच्या नोंदी मॉडेलमध्ये घातल्या. तडा जाईपर्यंतचं आयुष्य निघालं २० वर्षं. २०२२च्या केंद्रीय नियमाप्रमाणे, सुरक्षिततेसाठी, त्याला किमान ५ने भागायचं आणि तेवढ्या वर्षांत पुन्हा तपासायचं. आलं ४.

१६ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाचा निकाल आला. गॅस कंपन्यांच्या संघटनेने त्या नियमातल्या पाच तरतुदींना आव्हान दिलं होतं. चार रद्द झाल्या. त्यात हा ५चा आकडाही गेला.

सोमवारी वरिष्ठ म्हणाले, “पाच चुकीचा होता, कोर्टानेच सांगितलं. दोनने काढ.”

मी निकाल पूर्ण वाचला होता. पाच चुकीचा, असं त्यात कुठेच नाही. फायदे खर्चाहून जास्त कसे, हे नियम करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने नीट समजावलं नाही, एवढंच आहे. खरं तर मला त्या यंत्रणेचाच जास्त राग आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोत २०१० साली गॅसची पाइपलाइन फुटून ८ माणसं गेली, नियम यायला बारा वर्षं लागली, आणि तेवढ्या वेळात खर्चाचा हिशोब पटेल असा मांडता आला नाही?

दोनने भागलं की १० येतात, पण दोन तपासण्यांमध्ये सात वर्षांची मर्यादा आहेच. म्हणजे पुढची तपासणी २०२७ऐवजी २०३०ला. कायद्यात बसतं. पण एक्स्कॅव्हेटरच्या दाताने पोच्यात ओरखडा सोडला असेल तर पिगला तो दिसेलच असं नाही, आणि माझ्यासाठी पाच त्यासाठीच होता.

सात मंजूर झालं. रिपोर्टमध्ये मी चारचा हिशोबही कारणांसकट ठेवला. तो काढायला सांगितलं, तेव्हा नाही म्हणालो. सही माझी आहे.